फटफटीचं गाऱ्हाणं

मोठी फटफटी सांभाळणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे, हे मी आधीच सांगून ठेवतो! लहान फटफटी कोणीही सांभाळील. ती सायकलीची थोरली बहीण. माझी होती ती लांबच्या प्रवासाची, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या असलेली, फणसाएवढ्या टाकीची, गोऱ्या पलटणीने वापरून सोडलेली! छप्पन साली बेळगावच्या लिलावात मी ती घेतली, तेव्हा मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंत तिच्या तोडीची दुसरी नव्हती. असली तर मालकाने खुशाल पुढे यावं. मी तेव्हा मालवणच्या कचेरीत कारकून होतो, वय तीस, आणि बेत पक्का होता. पहिल्या वर्षी कोल्हापूर, दुसऱ्या वर्षी म्हैसूर, तिसऱ्या वर्षी थेट काशी!

पहिल्या वर्षी मी आंबोलीपर्यंत पोचलो. मागे बायको, जानकी. घाटात धुकं असं, की मला पुढचं चाक दिसेना. तिथे फटफटी बंद पडली. तशी ती घरीही अकरा लाथा खाल्ल्याशिवाय सुरू होत नसे, पण आंबोलीत मी तेहतीस मारल्या. जानकी शेजारच्या टपरीत जाऊन चहा पिऊन आली, भजी खाऊन आली, टपरीवालीच्या सुनेचं बाळंतपण ऐकून आली, तरी मी आपला लाथाच मारतोय! शेवटी भाताच्या पोत्यांच्या ट्रकातून आम्ही परत आलो. फटफटी मधोमध नीट गोणपाटावर आणि आम्ही दोघं कडेला, पोत्यांवर.

जानकी म्हणाली, "तुमची ही दुसरी बायल बरी आसा! तिका गादी आणि माका पोतां!"

त्यानंतर ती कधी फटफटीवर बसली नाही.

दुसऱ्या वर्षी म्हैसूरचं निघता निघता राहिलं. चार दिवसांची रजा मंजूर झाली, पेट्या पुसायला घेतल्या, तर डाव्या पेटीत कोंबडी! माझ्या आईने, म्हणजे काशीबाईने, तिथे पेंढा घालून तिला उबवायला बसवली होती.

"आये, ही पेटी प्रवासाच्या सामानाची आहे!"

"मगे? रिकामीच होती मां? आता एकवीस दिवस हलवचं नाय हां तिका. तेरा अंडी आसत!"

एकवीस दिवस फटफटी हलली नाही. तेरातली अकरा पिल्लं जगली आणि आईने गावभर सांगितलं की सत्यवानाची फटफटी पायगुणाची आहे. त्यानंतर शेजारणी आपापल्या कोंबड्या घेऊन यायला लागल्या. उजव्या पेटीत सुके बांगडे ठेवत, कारण तिथे मांजर पोचत नसे. मी कचेरीत शिरलो की शिरस्तेदार नाकाला रुमाल लावीत. पण मला त्याचं काही नव्हतं! रविवारी सकाळी तिला पुसून, तेल घालून अंगणात उभी केली की माझ्यासारखा सुखी माणूस अख्ख्या कोकणात नव्हता. आईने दोनदा जेवायला हाक मारली तरी ऐकू येत नसे.

आता मुद्द्यावर येतो. मला एक बहीण, रुक्मिणी. वय चोवीस, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने घरच्यांची झोप उडावी असं. मुलगी देखणी, सातवी पास, कामाला वाघ. पण तिची दोन स्थळं जमून मोडली होती, आणि दोन्ही वेळा देवाच्या कौलापायी.

आमच्या गावात रवळनाथाचा कौल घेतल्याशिवाय काहीही होत नाही. लग्न, विहीर, खटला, मुंबईची नोकरी, काहीही असो! गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवाला सगळा मामला तोंडी समजावून सांगायचा. मग गुरव देवाच्या पाषाणाला दोन अंगांना भिजवलेल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. रुक्मिणीच्या वेळी दोनदा डावी पडली होती. तिसऱ्यांदा पडली असती तर पंचक्रोशीत कोणी तिला विचारलं नसतं. "देवाकच तां चेडू देवचां नाय", म्हणजे देवालाच ही मुलगी द्यायची नाही, असं बोलायला लोक मोकळे! आई त्या धास्तीने अर्धी झाली होती.

तर अठ्ठावन्न साली माघात रेडीचं स्थळ आलं. मुलगा हरिश्चंद्र, मोठ्या बोटीवर इंजिनाकडे कामाला. वडील परशुराम, जन्मभर गलबतं चालवलेला तांडेल, आता घरी बसून गावाला धाकात ठेवणारा. मुलगा रजेवर आला होता आणि जेठात परत बोटीवर जायचा होता. दोन्ही घरं राजी होती. उरला फक्त कौल.

मी आधीच जाहीर करून टाकलं, "कौल उजवा पडला की त्याच दिवशी नारळ घेऊन मी फटफटीने रेडीला जातो! दुपारच्या जेवणाला तिथे!"

जाहीर करून बसलो खरा, पण त्या आठवड्यात फटफटी खोकत होती. मध्ये कर्लीची खाडी, तिच्यावर तेव्हा आमच्या वाटेला पूल नव्हता, होडीतून पलीकडे जायचं. म्हटलं, देवाच्या कानावर आपलंही घालून ठेवावं. आमच्याकडे गाऱ्हाणं घालायचा मान बाबलीचा. वय सत्तर, आवाज असा की समुद्रातली होडी मागे फिरावी. मी हळूच त्याला एक नारळ आणि विड्यांचं बंडल दिलं.

"बाबली, रुक्मिणीचं गाऱ्हाणं घालशील तेव्हा माझ्या फटफटीचं पण एखादं वाक्य घाल. रेडीपर्यंत सुखरूप जाऊ दे, एवढंच."

"घालतंय रे! एका दगडात दोन पक्षी!" बाबली म्हणाला.

तिथेच मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात सगळं गाव जमलं. गुरवाने पाकळ्या लावल्या. बाबलीने हात जोडले, डोळे मिटले आणि सुरू केलं.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा! ह्या काशीबायच्या चेडवाचां जां काय लगीन रेडीच्या पावण्यांकडे ठरता हा, तां तुझ्या मनात आसात तर तडीक ने रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळं गाव.

"जां काय वाकडां आसात, तां नीट कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि ह्या सत्यवानाची जी काय फटफटी आसा..." इथे बाबलीने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. बाबलीला जोर चढला. "तर तां चेडू आणि ती फटफटी, दोनव सुखरूप रेडीक पोचांदी, आणि दोनव जन्मभर थंयच त्या घरात सुखान नांदांदी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळ्या गावाने म्हटलं. त्यात मीही म्हटलं! सवयच आहे तशी. बाबली थांबला की तोंडातून आपोआप निघतं.

आणि टप्पकन पाकळी पडली. उजवी!

बायकांनी आनंदाने हात जोडले. आई रडायला लागली. मी नारळ घेऊन उठतोय, तेवढ्यात मागून गुरव म्हणाला, "म्हणजे फटफटी पण देवची लागतली तर."

"कोणाला?"

"रेडीच्यांका! दोनव थंयच नांदांदी म्हणालो मां बाबली? देवान होय म्हटल्यान."

मी हसलो. मग बघितलं तर दुसरं कोणीच हसत नव्हतं.

"अरे, बाबलीची जीभ घसरली! पोचू दे एवढंच मागायचं होतं. बाबली, सांग ना यांना!"

बाबलीने मिशीवरून हात फिरवला. "जीभ माझी, सत्यवाना. पण कौल देवाचो!"

मी कचेरीतला माणूस, कागद दुरुस्त करून घेणं माझा रोजचा धंदा. म्हटलं, चुकीचा अर्ज गेला असेल तर दुसरा करू! म्हातारे नको म्हणत होते, पण मी हट्टाने दुसरं गाऱ्हाणं घालायला लावलं. चेडू रेडीला नांदेल, फटफटी घरात राहील, चालेल काय? गुरवाने पाकळ्या लावल्या. आम्ही बसलो. पाकळी काही पडेना! अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. पोरं कंटाळून आंघोळीला गेली. शेवटी गुरवाने हवा यावी म्हणून मागचं दार लोटलं आणि पाकळी पडली. डावी.

"वाऱ्याने पडली!" मी ओरडलो.

"वारो कोणाचो?" बाबलीने विचारलं. "तेचोच!"

घरी आलो तर आई चुलीपुढे डोक्याला हात लावून बसली होती. फटफटी दिली नाही तर कौल मोडला, आणि कौल मोडला तर लग्न मोडलं, हे तिचं ठरून गेलं होतं. मी अंगणात जाऊन फटफटीपाशी उभा राहिलो. रुक्मिणी मागून आली. चोवीस वर्षांत ती माझ्याशी कधी वर मान करून बोलली नव्हती.

"दादा, माका तुझी फटफटी नको. माका ती आवडतव नाय, खरां सांगतंय. पण आता तिसऱ्यांदा लगीन मोडलां तर माका ह्याच अंगणात म्हातारी होऊक लागात रे."

एवढं बोलून ती आत गेली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू! पण फटफटीच्या टाकीवर हात ठेवला आणि त्याचंही वाईट वाटलं. असा मी दोन्हीकडून मेलो.

मग डोक्यात बेत आला, आणि बेत कसा? अस्सल कचेरीतला! देवाने द्यायला सांगितलं आहे, तर आपण द्यायची. पण समोरच्याने घेतलीच नाही तर? आपली जबाबदारी संपली! कौलही राखला, बहीणही उजवली, फटफटीही घरात. आईला विचारलं. तिने बराच विचार केला.

"तेंनी आपणहून नको म्हटल्यानी तर देव आपल्यार रागवचो नाय. पण तू मनापासून दी हां! मुद्दाम वाकडां बोला नको."

"छे छे! खरं तेच सांगीन," मी म्हटलं. खरं म्हणजे काय, तर फटफटीचे दुर्गुण! ते मला तोंडपाठ होते. सांगितले असते तर बेळगावच्या लिलाववाल्याने पैसे परत दिले असते.

अकराव्या लाथेला फटफटी सुरू झाली आणि मी निघालो. कर्लीच्या तरीवर आलो. होडीवाला शिवा माझ्या ओळखीचा. त्याने फटफटी बघून कपाळाला हात लावला, मग चार गड्यांनी मिळून फळ्यांवरून ती होडीत चढवली. फटफटी एका अंगाला आणि वजन सारखं व्हावं म्हणून बाजाराला निघालेल्या सात कोळणी पाट्यांसकट दुसऱ्या अंगाला.

"कोणी हलाचां नाय!" शिवाने बजावलं. "हललास तर होडी आडवी!"

सगळे गप्प बसलो. खाडीच्या मध्यावर आलो तेव्हा माझ्या मनात आलं, पलीकडे उतरल्यावर अकरा लाथा मारण्यापेक्षा इथेच चार-सहा मारून इंजीन गरम करून ठेवलं तर? वेळ वाचेल! मी हळूच उठून एक लाथ मारली. काही नाही. दुसरी मारली.

दोन वर्षांत जे कधी झालं नाही ते झालं. दुसऱ्या लाथेला फटफटी सुरू झाली!

काय तो आवाज! सातच्या सात कोळणी किंचाळून उठल्या, आणि भीतीने माणूस जसा भलतीकडेच धावतो तशा फटफटीच्याच बाजूला आल्या. होडी कलली. फटफटी शांतपणे काठावरून निघाली आणि खाडीत उतरली. तिच्या पाठोपाठ मी उतरलो. नशीब, ओहोटी होती आणि खाली वाळूचा पट्टा. कमरेएवढं पाणी. मी उभा राहिलो आणि ती आडवी पडून बुडबुडे सोडत राहिली.

"तुमका सांगितलंय मां, हलाचां नाय!" शिवा ओरडला. कोळणींनी मला जे सांगितलं ते इथे लिहिता येण्यासारखं नाही. एका पाटीतले मोरी मासे परत खाडीत गेले होते, आणि ते कोणाचे होते हे मला सात जणींनी वेगवेगळं सांगितलं.

शेवटी त्याच बायकांनी पदर खोचून फटफटी वर काढायला हात दिला, हेही सांगितलं पाहिजे. पलीकडच्या तीरावर मी बैलगाडी ठरवली. तिच्यात फटफटी घातली, वर मी बसलो आणि आम्ही रेडीची वाट धरली. दुपारच्या जेवणाला पोचणार होतो, तो पोचलो दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या पेजेला. अंगावर चिखल, हातात नारळ. तो तेवढा मी सोडला नव्हता.

परशुराम तांडेल अंगणात खुर्ची टाकून बसला होता. गाडीतली फटफटी बघून तो उठून उभा राहिला.

"ह्यां काय हाडलंस, पावण्या?"

मी नारळ ठेवला, कौल उजवा पडल्याचं सांगितलं. घरात आनंद झाला, गूळ आला. मग मी गाऱ्हाण्याची हकीकत सांगितली आणि म्हटलं, "तर देवाच्या आज्ञेने ही फटफटी तुमच्या घरी द्यायची आहे. आम्ही मनापासून देतो! फक्त हिचं खरं ते सांगणं माझं कर्तव्य आहे." आणि सुरू केलं. अकरा लाथा लागतात. घाट चढत नाही. तेल गळतं. पेट्रोल पिते. आवाजाने गाय आटते. बाजूच्या पेटीला बांगड्याचा वास येतो. आणि काल ती खाडीत पडली!

परशुरामाने दोन्ही हात वर केले. "नको रे बाबा! जन्म दर्यात काढलंय, पण असली वस्तू बघूक नाय. माका नको, आमच्या कोणाकच नको! घेवन जा!"

मंडळी, काय सांगू! मला त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं. मी चेहरा जमेल तेवढा खट्टू केला आणि गूळ तोंडात टाकला.

इतक्यात माजघरातून नवरा मुलगा बाहेर आला. हरिश्चंद्र. उंच, काळासावळा, गप्प माणूस. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ गाडीपाशी गेला.

"खाऱ्या पाण्यात पडली? कवा?"

"काल दुपारी."

"आणि अजून उघडूक नाय?" तो असा ओरडला की मी गूळ गिळला. "रात्रभर मीठ खाता हा तां! आता उघडूक व्हया, आत्ताच्या आत्ता!"

त्याने पाने-पक्कड आणली, अंगणात चटई टाकली आणि माझ्या डोळ्यांदेखत फटफटी सोडवायला बसला. दोन वर्षं मी जिला फक्त फडक्याने पुसत होतो, तिचं पोट त्याने उघडलं! तासाभरात चटई भरली. मग दुसरी चटई आली. मग घरातली सुपं. प्रत्येक तुकडा तो रॉकेलात धूत होता, उजेडात धरून बघत होता आणि आपल्याशीच हसत होता. मी मात्र दवाखान्याबाहेर बसलेल्या नातेवाइकासारखा ओटीवर बसून होतो.

"लागतील ना परत सगळे?" मी विचारलं.

"बोटीचां इंजीन ह्या घराएवढां आसता, दादा. तां लावतंय. ह्यां तर खेळणां!"

तीन दिवस मी रेडीत राहिलो. कचेरीची रजा कधीच संपली होती. तिसऱ्या दिवशी त्याने शेवटचा बोल्ट आवळला, हात पुसले आणि एक लाथ मारली. एकच! फटफटी सुरू झाली, आणि कशी? गुरगुरत, लयीत, कुठे खोकला नाही की ठसका नाही. मी आनंदाने उठलो, आणि मग मला जरा रागच आला. दोन वर्षं मी हिला अकरा अकरा लाथा मारल्या, आणि ही बया परक्याच्या पहिल्या लाथेला!

हरिश्चंद्राने तिच्यावरून एकदा हात फिरवला आणि माझ्याकडे वळला.

"दादा, घेवन जावा. बाबा नको म्हणाले, तां बरोबरच आसा. तुमचो जीव आसा हिच्यार, माका दिसता. माका कित्याक? मी दहा म्हयने बोटीर."

केवढा सज्जन माणूस! तिथे मी नुसतं "बरं" म्हणून फटफटीवर बसायला हवं होतं. पण आपल्याकडची रीत अशी, की कोणी काही नको म्हटलं की एकदा तरी आग्रह करायचा. तो परत नको म्हणतो, मग आपण म्हणतो, बरं बाबा, तुझी मर्जी. चहाच्या कपापासून दागिन्यापर्यंत हेच चालतं. शिवाय समोर होणारा मेहुणा! त्याचा मान राखायला नको? तेव्हा मी फटफटीच्या आसनावर हात ठेवूनच म्हटलं, "छे छे! असं कसं? देवाचा कौल आहे! तुम्ही घ्यायलाच हवी! मला फार वाईट वाटेल!"

हरिश्चंद्राने बापाकडे बघितलं. बापाने तोंड वाकडं केलं. मग त्याने परत फटफटीकडे बघितलं, आणि त्या गप्प माणसाचा चेहरा असा उजळला की मी घाबरलो.

"बरां तर," तो म्हणाला. "तुमी इतक्यां मनापासून म्हणतास, तर नाय कसां म्हणू?"

चौदा वर्षं समुद्रावर काढलेला माणूस! त्याला गावचा आग्रह कुठून ठाऊक असणार? बोटीवर विचारलं की होय किंवा नाही, एवढंच. मी उभ्या जागी "वा! वा!" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

फटफटी लग्नात मुलीबरोबरच पाठवायची असं ठरलं, म्हणून मी ती चालवत घरी आणली. खरं सांगतो, माघापासून वैशाखापर्यंतचे ते तीन महिने मी कधी विसरणार नाही. एकदा बंद पडली नाही! एका लाथेत सुरू. कणकवलीपर्यंत जाऊन यायची, घामसुद्धा यायचा नाही. आता काशीला निघालो असतो तर पोचलो असतो. पण निघणार कसा? दुसऱ्याची ठेव! आईने पेट्या घासून पुसून घेतल्या आणि कोंबड्यांना तिथे फिरकू दिलं नाही.

"सासरी जावची आसा ती," ती म्हणायची.

वैशाखात लग्न झालं. पाठवणीच्या वेळी आईने रुक्मिणीची ओटी भरली, आणि मग हातातलं तबक घेऊन फटफटीकडे गेली. टाकीवर खण ठेवला, तांदूळ ठेवले, नारळ ठेवला, हँडलला हळदकुंकू लावलं. बायकांनी तोंडावर पदर घेतले, पण हसायची कोणाची छाती झाली नाही. वऱ्हाड लॉरीत चढलं. हरिश्चंद्र म्हणाला, देवाने दोघींना एकत्र पाठवलंय तर एकत्रच जाऊ दे. रुक्मिणी शालू सावरून त्याच्या मागे बसली. त्याने लाथ मारली. एकच!

फटफटी नारळीच्या वळणावरून दिसेनाशी झाली, आवाज ऐकू येत राहिला, मग तोही थांबला. आणि मी मांडवाच्या खांबाला धरून ढसाढसा रडलो. अगदी पोरासारखा! मला आवरेना. गाव थक्क झालं. बाबलीने स्वतः येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला.

"भाव असो व्हयो!" तो सगळ्यांना म्हणाला. "बापाच्या माघारी भयणीक वाढवल्यान, आता बघा कसो तुटता हा!"

बहिणीसाठीही रडत होतो की, थोडा. जानकी तेवढी माझ्याकडे बारीक डोळे करून बघत होती. पुढे तीन-चार महिने माझा गावात केवढा भाव वधारला! बायका आपल्या भावांना सुनवायच्या, "सत्यवानाक बघ, सत्यवानाक! नायतर तू!" कचेरीत शिरस्तेदारांनी मला बोलावून स्वतःच्या बहिणीची आठवण काढली.

भाद्रपदात चतुर्थीला रुक्मिणी पहिल्या माहेरपणाला येणार होती. पाऊस असा आडवा की छत्रीचा उपयोग नाही. तरी तिला उतरवून घ्यायला मी एस.टी.च्या थांब्यावर तासभर आधी जाऊन उभा. हा भाऊबहिणीचा भेटीचा सोहळा बघायला बाबली आला होता, गुरव आला होता, शेजारच्या चार बायका इरली घेऊन आल्या होत्या. एस.टी. आली. रुक्मिणी उतरली. हातभर बांगड्या, अंगाने भरलेली, तोंडावर हसू. ती पुढे होऊन माझ्या पाया पडली. बायकांनी आधीच डोळ्यांना पदर लावले.

मी तिला उठवलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "गो, पडवीत ठेवलीय ना? पाऊस लागत नाही ना तिला?"

बाबलीने माझ्याकडे बघितलं, मग गुरवाकडे बघितलं. एका बाईने पदर खाली घेतला.

रुक्मिणीने पिशवी खाली ठेवली. आता ती माझ्याशी वर मान करून बोलायला शिकली होती.

"पडवेतच आसा," ती म्हणाली. "पाऊस लागणा नाय. घोव बोटीर जाताना वर ताडपत्री घालून गेलो. दर आयतवारी मी पुसतंय, तेल घालतंय, एक लाथ मारून बघतंय. बरी आसा ती. आता माका विचार."

मग मी विचारलं. तीही बरी होती.